ठकीला भोकरदऱ्याला पोचवण्याबाबत

मी, यमुना चंद्रशेखर देवस्थळी, वय वर्षे शहात्तर, मूळची संगमनेरची, राहणार केंब्रिज, मिल रोडच्या मागची गल्ली, हे मृत्युपत्र आज शनिवार, दिनांक ९ नोव्हेंबर २०२४ रोजी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. दबाव आणू शकतील अशी दोन माणसं लेस्टरला आणि वेम्बलीला राहतात आणि मी काय लिहिते आहे याचा त्यांना पत्ताही नाही. यापूर्वी केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. मराठीत लिहिलं तरी चालतं का, असं सॉलिसिटरबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, भाषा कुठलीही चालेल, सही मात्र दोन साक्षीदारांसमोर हवी. इंग्रजी भाषांतर त्या करून घेणार आहेत. खरं मात्र हे.

मला अपत्ये तीन. पहिली मुलगी, जन्म ९ नोव्हेंबर १९७४. ती रडलीच नाही. दुसरा सुश्रुत. तिसरी कस्तुरी. सुश्रुत, आई मोजायला चुकली असं म्हणून कागद खाली ठेवू नकोस. पुढे वाच. मला हे लिहायला पन्नास वर्षं लागली, तुला वाचायला अर्धा तास लागेल.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी नात मायरा, म्हणजे कस्तुरीची मुलगी, हिने सॉलिसिटरबाईंच्या मदतीने करावी. सुश्रुत, तुला राग येईल. तू थोरला, शिवाय कन्सल्टंट. पण तू मडकी कुरिअरने पाठवशील, ट्रॅकिंग नंबर घेशील आणि काम झालं म्हणशील. तुझ्या स्वभावाला औषध नाही.

कलम २. जिन्याखालच्या कपाटात, हूव्हरच्या, म्हणजे केर ओढायच्या यंत्राच्या मागे, लाकडी पेटी आहे. पेटीत जुन्या ब्लँकेटमध्ये दोन मातीची मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली आहेत. ती उघडायची नाहीत. ती माझी नाहीत. मायराने ती स्वतः विमानाने नेऊन, पुण्यातल्या ज्या संस्थेने १९७१ साली ती दोन वर्षांसाठी अभ्यासाला दिली होती, त्या संस्थेच्या हवाली करावीत आणि तिथून त्यांच्या माणसांबरोबर भोकरदऱ्याला, ज्या जमिनीतून ती निघाली त्याच जमिनीत परत ठेवावीत. संस्थेशी माझा पत्रव्यवहार झाला आहे. त्यांचं होकाराचं पत्र निळ्या फाइलमध्ये आहे. हे काम होऊन संस्थेची पावती येईपर्यंत हे घर विकता येणार नाही. विकल्यावर सुश्रुत आणि कस्तुरी यांना निम्मं निम्मं.

आता मडक्यांत कोण आहे, हे सांगायला हवं. मायराने ‘कोण’ असंच विचारलं होतं. नऊ वर्षांची होती, लपाछपी खेळताना कपाटात शिरली. बाहेर आली ती हळू आवाजात बोलत. “आजी, हे इतकं केअरफुली कुणी बंद केलं आहे? आत कोण आहे?” ‘काय’ नाही विचारलं. तेव्हाच मी मनात ठरवलं की नेईल तर हीच.

आत एक लहान मूल आहे. तीन हजार वर्षांहून जुनं. प्रवरेच्या काठी त्या काळी जे लोक राहत, ते गेलेलं मूल दोन मडक्यांत घालून घराच्या जमिनीखाली पुरत. गावाबाहेर नाही, राहत्या घरात. मोठी माणसं गेली तर त्यांचे पाय घोट्याजवळ तोडून मग पुरत, घर सोडून जाऊ नयेत म्हणून. मायरा म्हणेल ‘हाऊ हॉरिबल’. मला नाही वाटत. तान्ह्या बाळाला आपल्यातही जाळत नाहीत, पुरतातच. फक्त कुठे पुरलं, ते आईला माहीत असतं.

या मुलाला ठकी हे नाव खोदकामावरच्या मुकादमाने, सखाहरीने, ठेवलं. मुलगा की मुलगी हे इतक्या लहान हाडांवरून सांगता येत नाही, पण सखाहरी म्हणाला ठकी, आणि ती ठकी झाली.

कलम ३. प्रोफेसर अर्नो क्लोझे यांच्या ज्या वस्तू त्यांनी २०१३ साली त्यांच्या मृत्युपत्राने मला दिल्या, त्यांची वाटणी खालीलप्रमाणे. आधी हा माणूस कोण, ते सुश्रुतने एकदा नीट ऐकून घ्यावं. ‘तो म्हातारा जर्मन’ एवढंच तुला ठाऊक आहे.

जन्म १९३३, जर्मनीच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात. ते खेडं आता पोलंडमध्ये आहे. बारा वर्षांचे असताना लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात गाव सोडून निघाले. आई, ते आणि तीन वर्षांची धाकटी बहीण लीझा. पुढे शिकले, पुरातत्त्वात डॉक्टर झाले आणि १९६१ साली पुण्याला आले ते दहा वर्षं राहिले. भोकरदऱ्याची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं ते पांढऱ्या मातीचं टेकाड, त्यांनी पाच हिवाळे खणलं. मग पश्चिम जर्मनी, आणि १९७४ पासून इथे केंब्रिजला, प्रोफेसर होऊन निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही. ताम्रपाषाण काळच्या मडक्यांवर त्यांचा शब्द शेवटचा मानत. मराठी शिकले ती मजुरांकडून. त्यामुळे सूटबूट घालून, सोनेरी काड्यांचा चष्मा लावून हा माणूस आमच्या नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यासारखा बोलायचा. गावात त्यांना अण्णासाहेब म्हणत.

मी त्यांना भेटले जानेवारी १९७५ मध्ये. बाळ जाऊन दोन महिने झाले होते. हे, म्हणजे चंद्रशेखर, इथल्या एका हॉस्पिटलात भूल द्यायचे, दिवसरात्र ड्युटी. मी घरात भिंतीकडे बघत बसायचे. लायब्ररीच्या बोर्डावर एक कार्ड दिसलं, मडक्यांची चित्रं काढणारं माणूस पाहिजे. माझा पुण्याचा चित्रकलेचा डिप्लोमा ट्रंकेत पडला होता. गेले. त्यांनी अर्ज वाचला, वर पाहिलं आणि म्हणाले, “संगमनेरच्या व्हय तुम्ही? मंग बसा की. च्या घ्या, कडक केलाय.”

इंग्लंडला आल्यापासूनच्या अडीच वर्षांत त्या टेबलाशी पहिल्यांदा कुणी माझ्या गावाकडचं बोललं. मला हुंदका आवरेना. त्यांनी घाईघाईने माझ्या समोरचं खापरांचं खोकं उचलून बाजूला ठेवलं. “रडा, यमुनाबाई, खुशाल रडा. पर खापरावर न्हाई. शाईचा नंबर पुसला तर लई घोळ व्हतो.”

तिथे मी पंचवीस वर्षं काम केलं. सात हजारांवर खापरं काढली. डावीकडे मडक्याचा उभा काप, उजवीकडे बाहेरचं अंग, मधे सरळ रेघ. सगळी भोकरदऱ्याची. संगमनेरहून भोकरदरा अकरा मैल. तिथल्या प्रत्येक चुलीजवळचं फुटकं बोळकं माझ्या हातून गेलं आहे, आणि मी तिथे एकदाही गेलेले नाही.

तर वाटणी. त्यांची खणायची थापी मायराला. पातं झिजून निम्मं झालं आहे, धार लावू नये. त्रेचाळीस वह्या पुण्याच्या संस्थेला. सायकल ज्याला हवी त्याने न्यावी, ब्रेक लागत नाहीत. लोकरी मफलर माझ्याबरोबर ठेवा. का, ते विचारू नका.

कलम ४. ही कबुली आहे. ती संस्थेला पाठवावी आणि त्यांना योग्य वाटेल तिथे छापावी.

नोकरीला लागून वर्ष झालं असेल. प्रोफेसरांनी एकदा कपाटाचं कुलूप काढलं, पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “ही ठकी. हिच्या आईनं सैपाकघरात पुरली व्हती. चूल तीन हातांवर.” मी विचारलं, इतक्या जवळ? “मंग? रोज उठून तिच्यासंगं बोलाया नको व्हय?”

तेव्हा मी त्यांना माझ्या बाळाचं सांगितलं. आईला पत्रात लिहिलं नव्हतं, शेजारणीला बोलले नव्हते, घरात तर विषयच बंद होता. हॉस्पिटलात नर्स म्हणाली होती, “डोन्ट वरी डिअर, वी विल सी टू एव्हरीथिंग.” कपड्यात गुंडाळून घेऊन गेली. मला तोंडही दाखवलं नाही. ह्यांनी एका कागदावर सही केली. मी विचारलं, कुठे नेलं? हे म्हणाले, “यमुना, विसर आता. दुसरं होईल.” त्या काळी इथे असंच करत. कुठल्या तरी कबरस्तानात, कुणाच्या तरी बरोबर, एका खड्ड्यात. खूण नाही, नाव नाही.

 मग प्रोफेसरांनी लीझाचं सांगितलं. वाटेतच गेली, थंडीने. जमीन दगडासारखी गोठलेली, फावडं आत जाईना. आईने तिला शालीत गुंडाळून एका चर्चच्या भिंतीशी ठेवलं आणि गाडी पुढे निघाली. नंतर १९७२ मध्ये ते शोधायला गेले होते. चर्चच राहिलं नव्हतं. “तीन हजार वर्सांमागची पोर घावली मला, यमुनाबाई. माझी बहीण न्हाई घावली.” हे सांगताना त्यांचा हात पेटीवर होता.

आता खोटेपणा. खोदकामाचा अहवाल १९७८ साली निघाला. त्यात घर क्रमांक सात, मडकी जोडी क्रमांक एकोणीस, यापुढे लिहिलं आहे, ‘रिकामी, आत फक्त माती.’ ते खरं नाही. दफन असं लिहिलं असतं तर संस्थेने ती मडकी मागून घेतली असती, उघडली असती, आणि ठकी म्युझियममध्ये गेली असती. “काचंच्या पेटीत झोपायचं व्हय तिनं? वर दिवा लावून?” असं ते म्हणाले आणि वाक्य लिहिलं. चित्र मी काढलं. कापात मडक्याचं पोट मी कोरं सोडलं. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, मी आपणहून सोडलं. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. हात कापला तरी चालेल, पण असलेलं नाही असं काढायचं नाही.

त्या एका कोऱ्या पोटावर पुढे काय काय उभं राहिलं! एका विद्वानाने सिद्धान्त मांडला की परगावी मेलेल्या मुलांसाठी हे लोक रिकामी मडकी पुरत, प्रतीक म्हणून. त्यावर दोन प्रबंध झाले. परदेशातल्या एका परिषदेत प्रोफेसरांना अध्यक्ष म्हणून बसून तो निबंध ऐकावा लागला. परत आले ते दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. मी खिचडी घेऊन गेले तर म्हणाले, “चाळीस वर्सं खरं लिवलं, आन् लोकांनी खोटं तेवढंच उचललं.”

पुण्याहून विचारणा यायची. मडकी कधी परत करता? मराठीत उत्तरं मी लिहायचे, छान वळणदार अक्षरात. ‘अभ्यास अद्याप चालू आहे.’ एकदा, दोनदा, पाचदा. मग विचारणारे रिटायर झाले आणि पत्रं थांबली. त्या पत्रांच्या कार्बन कॉप्या निळ्या फाइलमध्ये आहेत. ठकीचं खरं चित्रही तिथेच आहे. मडकी न उघडता, हॉस्पिटलातल्या एका ओळखीच्याकडून एक्स-रे काढून घेतला होता, त्यावरून काढलं. कुशीवर आहे, गुडघे पोटाशी. तेवढं एक चित्र माझ्या हातून बरं निघालं.

कलम ५. माझे पती कै. डॉ. चंद्रशेखर देवस्थळी यांच्याबद्दलचा राग मी कुणाच्याही नावे करीत नाही. तो मी बहुतेक संपवला आहे.

झालं असं. १९९७ साली, बाळाला जाऊन तेवीस वर्षं झाल्यावर, प्रोफेसरांनी मला काही न सांगता शोध सुरू केला. हॉस्पिटलच्या जुन्या वह्या, मग ज्यांनी शवपेट्या नेल्या त्यांच्या वह्या, मग तीन कबरस्तानांची रजिस्टरं. दोन वर्षं लागली. एका रजिस्टरात ‘देवस्थळी, स्टिलबॉर्न’ आणि खड्ड्याचा नंबर सापडला. पण जागेवर नंबरच नाहीत, नुसतं गवत. मग त्यांनी खोदकामावर करतात तसं केलं. कबरस्तानाचा जुना नकाशा घेतला, भिंतीचा कोपरा आणि यू नावाचं एक जुनं झाड धरून टेपने मापं घेतली, आणि जागा काढली. एप्रिल १९९९ मध्ये मला तिथे नेलं. मापाची काठी गवतात रोवली आणि बाजूला झाले. “हितं,” म्हणाले. “हातभर इकडं तिकडं. त्यापरीस बारीक न्हाई सांगता येत.”

मी गवतावर बसले. किती वेळ ते आठवत नाही. ते झाडापाशी पाठ करून उभे होते.

त्यांनी मला एक आलेख-कागद दिला. ट्रेंचचा, म्हणजे खोदकामाच्या चराचा, आराखडा काढतात तसा, उत्तर दिशेच्या बाणासकट. मी तो रविवारी ह्यांच्यासमोर ठेवला. हे बुटांना पॉलिश करत होते. “हे काय?” मी म्हटलं, “तुमची मुलगी.” त्यांनी एक बूट पॉलिशचा आणि एक तसाच घातला. “चल, दाखव.” तिथे गेल्यावर भूल देणारा हा माणूस, ज्याला मी कधी डोळे पुसताना पाहिलं नव्हतं, रडला. “मी विचारायला हवं होतं गं. नुसतं कुठे, एवढं तरी विचारायला हवं होतं.”

प्रोफेसरांचा एक नियम होता. पांढर कधी सगळी खणायची नाही. चौथा हिस्सा तसाच ठेवायचा. पुढे कुणी आपल्याहून शहाणं येईल, त्याच्यासाठी. मी ह्यांना तीन हिस्से माफ केलं. चौथा तसाच ठेवला आहे.

त्यानंतर आम्ही तिघं वर्षातून दोनदा तिथे जायचो. २००६ साली हे गेल्यावर आम्ही दोघं.

कलम ६. सौ. कुमुद बापट यांना माझं पुरणयंत्र द्यावं, जे त्या वीस वर्षं मागत आहेत. सोबत हे कलम वाचून दाखवावं. कुमुद, आम्हाला कबरस्तानाच्या फाटकातून बाहेर पडताना पाहून तू मंडळाच्या गणपतीत जे बोललीस ते माझ्या कानावर आलं होतं. “या वयात, आणि जागा तरी कसली शोधलीय!” आम्ही तिथे कुणाला भेटायला जायचो ते आता तुला कळलं. पुरण नीट शिजव, तुझं नेहमी कच्चं राहतं.

सुश्रुत, तुझंही एक. तू लेस्टरला घर बांधलंस, खाली माझ्यासाठी खोली काढलीस. “आई, ये ना गं. एन्-स्वीट आहे, बाथरूम खोलीतच, ग्राउंड फ्लोअर, बेलग्रेव्ह रोडवर तुझी भाजी मिळते, अजून काय पाहिजे?” मी नाही म्हणत राहिले. २०१० मध्ये तू विचारलंस, “त्या म्हाताऱ्या जर्मनासाठी थांबलीयस का?” मी चार महिने तुझा फोन उचलला नाही. तुझा प्रश्न अगदीच चूक होता असं नाही, म्हणून राग जास्त आला. पण मी थांबले होते तुझ्या बहिणीसाठी. माझे पाय कुणी तोडले नव्हते, तरी केंब्रिज सोडून जाता आलं नाही.

आणि हो, प्रेम होतं. विचारायचं मनात असेल तर उत्तर लिहून टाकते, म्हणजे तुम्हाला अंदाज लढवत बसायला नको. त्यांनी कधी माझ्या हाताला हात लावला नाही. मला ‘यमुनाबाई’, ‘तुम्ही’. मी त्यांना ‘प्रोफेसर’. एवढंच. पण ते गेल्यापासून असा एक दिवस जात नाही की चहा कडक झाला आणि मला त्यांना सांगावंसं वाटलं नाही.

कलम ७. हे लिहायला मला सगळ्यात जड जातं आहे, म्हणून मागे ठेवलं.

२००९ च्या ऑक्टोबरात प्रोफेसर पेटी घेऊन माझ्या दारात आले. शहात्तर वर्षांचे होते, म्हणजे आज मी आहे तेवढेच. म्हणाले, “यमुनाबाई, आता लई झालं. चला, दोघं जाऊ. ठकीला घरी सोडू. खोटं लिवलं ते बी सांगून टाकू. आन् तुम्ही पांढर बघा की एकदा. सांजच्याला प्रवरेवरनं वारा येतो, तिथं खाट टाकून बसू.”

मला जायचं होतं. देवाशप्पथ जायचं होतं. त्या संध्याकाळच्या वाऱ्यात त्यांच्या शेजारी बसायला मी काहीही दिलं असतं. पण कुमुद काय म्हणेल, सुश्रुत काय म्हणेल, संगमनेरचे चुलतभाऊ काय म्हणतील, विधवा बाई परक्या पुरुषाबरोबर. मी म्हटलं, “पुढच्या हिवाळ्यात जाऊ.” खोदकाम हिवाळ्यातच होतं, त्यांना ते पटलं. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी परत विचारलं. मी परत तेच म्हटलं. मग त्यांचं हृदयाचं दुखणं निघालं. २०१२ च्या हिवाळ्यात त्यांनी विचारलं नाही. नुसतं माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, “पुढच्या हिवाळ्यात, न्हाई का?” मार्चमध्ये गेले.

पेटी माझ्याकडे आली. मग मी तरी अकरा वर्षं काय केलं? काही नाही. सकाळी कपाट उघडून हूव्हर काढताना म्हणायचे, उठलीस का गं? घरात कुणीतरी लहान आहे, असं वाटायचं. परत करायला हवं हे कळत होतं. करवत नव्हतं. माझं बाळ मला हातात मिळालं नाही, आणि ही मिळाली होती. पण ही कुणा दुसरीची आहे. ती दुसरी तिथे भोकरदऱ्यात कुठेतरी आहे, पाय तोडलेली, म्हणजे घर सोडून गेलेली नाही. तीन हजार वर्षांत तिच्या चुलीजवळून पोर उचलणारे आम्ही पहिले.

मायरा, जागा कशी शोधायची ते सांगते. ट्रेंच बुजवण्याआधी प्रोफेसर तळाशी चालू वर्षाचं नाणं ठेवायचे. खणणारे बरेचजण ठेवतात. पुढे कुणी खणलं तर नाणं लागलं की त्याला कळतं, इथवर आधी कुणीतरी येऊन गेलं आहे, या खालची माती अजून कुणी हलवलेली नाही. घर क्रमांक सातच्या तळाशी १९७१ सालचे दहा पैसे आहेत, कडा नक्षीच्या असतात ते. चुलीपासून तीन हात. संस्थेची माणसं खणतील. नाणं लागलं की थांबा, ठकीला तिथे ठेवा, आडवी, तोंडाला तोंड. मग नवं नाणं.

त्याच खेपेला प्रोफेसरांची रक्षा न्यावी. ती किचनमध्ये, वरच्या फळीवर, चहाच्या जुन्या डब्यात आहे. डबा त्यांचाच, बदललेला नाही. खड्ड्यात टाकायची नाही, खोदकामाची माती टाकतात त्या ढिगावर टाकायची. त्यांनी स्वतः बजावलं आहे, “खड्ड्यात न्हाई हां. पुढच्यांचा घोळ व्हईल.” संध्याकाळी टाक. वारा असतो म्हणे.

कलम ८. माझ्या देहाची व्यवस्था. दहन करावं. सुश्रुत, नाशिकला नेऊ नकोस, प्रवरेतही नको. माहीत आहे, मी आयुष्यभर तिकडच्या आठवणी काढून तुम्हाला छळलं. जून संपत आला की संगमनेरच्या पेरूंबद्दल बोलायची, हिवाळा आला की शेकोटीबद्दल. जीव तिकडेच होता, अजून आहे. तरी मला इथेच ठेव. माझी रक्षा त्या कबरस्तानात, आलेख-कागदावर खूण केलेल्या जागी पुरावी. त्यांची परवानगी काढली आहे, निळ्या फाइलमध्ये. तिच्यापासून हातभर इकडे तिकडे झालं तरी चालेल. प्रोफेसर माझ्या गावाकडे जातील आणि मी त्यांच्या या गारठ्यात राहीन. दोघांची मुलं, त्यांची ठकी आणि माझी पहिली, मात्र ज्याच्या त्याच्या घरी असतील.

मायराला मी हे थोडंसं सांगून ठेवलं आहे. तिचं मराठी तुटकं आहे, पण उत्तर पूर्ण दिलं. “आजी, मी नेईल तिला. लॅपवर घेऊन बसेल, ओव्हरहेडमध्ये नाही ठेवणार.”

मायरा, तुला एक काम उरलं. मला पुरण्याआधी तळाशी त्या वर्षाचं नाणं ठेव. ते मी आत्ता देऊ शकत नाही, कुठल्या वर्षाचं लागेल ते मला माहीत नाही. हल्ली कुणाकडे सुटे पैसे नसतात, सगळे कार्ड टेकवतात, तेव्हा तुला शोधावं लागेल. चकचकीत नवं असेल तर उत्तम. नंतर कधी कुणी तिथे खणलं आणि ते हाताला लागलं, तर त्याला कळू दे की इथवर तिची आई येऊन पोचली होती.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी खोडावंसं वाटलं, खोडलं नाही.

सही: यमुना चंद्रशेखर देवस्थळी

आम्हा दोघांच्या समक्ष, एकाच वेळी, श्रीमती देवस्थळी यांनी सही केली. त्यानंतर त्यांच्या समक्ष आम्ही केली. या मृत्युपत्रातून आम्हा दोघांना काहीही मिळणार नाही.

साक्षीदार १: मार्गारेट व्हिटेकर, शेजारीण, निवृत्त पोस्टवुमन. मराठी येत नाही. सही पाहिली.

साक्षीदार २: डॉ. राजीव सहस्रबुद्धे, फॅमिली डॉक्टर. मराठी येतं. बाईंनी वाचू दिलं नाही, फक्त सहीचं पान दाखवलं. त्या पूर्ण शुद्धीवर आहेत. सही झाल्यावर त्यांनी आम्हाला कडक चहा दिला आणि कोट घालून कबरस्तानात जायला निघाल्या.

स्थळ: केंब्रिज
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४